ठवकरांचं पान

आमच्या क्वार्टरच्या दारावर 'वा. सी. नागपुरे' अशी निळ्या पत्र्याची पाटी होती आणि आबांना ती कधीच आवडली नाही. बाबांनी ती सिविक सेंटरमधल्या पेंटरकडून हौसेनं रंगवून घेतलेली, कडेला पिवळी वेलबुट्टी वगैरे. आबा, म्हणजे माझे आजोबा सीताराम, सकाळी दात घासत त्या पाटीसमोर उभे राहायचे आणि कडूलिंबाची काडी तोंडातून काढून म्हणायचे, "हे आपलं नाव नव्हं, बाई. आपण ठवकर." बाई म्हणजे मी. मग गोष्ट सुरू व्हायची. आबांचे वडील खंडू हे भंडाऱ्याकडच्या कुठल्याशा गावातून रेल्वेच्या कामावर आले. हजेरी घेणाऱ्या बाबूनं विचारलं, कुठून आलास? खंडूंनी सांगितलं, नागपूरकडून. बाबूनं रजिस्टरात लिहिलं, खंडू नागपुरे. तेवढंच. पगाराचा दिवस, अंगठा, पुन्हा तेच नाव. पुढे आबाही त्याच नावानं रेल्वेच्या रूळ सांभाळणाऱ्या गँगमध्ये लागले आणि बाबाही त्याच नावानं भिलाईच्या स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात कारकून झाले. ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल, सांगता येणार नाही. दहावी-अकरावीपर्यंत मला ती इतकी पाठ होती की आबांनी तोंड उघडलं की मी वेणी घालायला आत पळायची. हे मुद्दाम आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की पोरीला बिचारीला ठाऊकच नव्हतं.

घर दोन खोल्यांचं. पुढे व्हरांडा, मागे भिंतीनं वेढलेलं अंगण, त्यात एक पेरूचं झाड आणि आबांची बाज. प्लांटचा भोंगा झाला की आई तवा चढवायची. बाबांचं टाइम ऑफिस असल्यामुळे आमच्या घरात घड्याळाला फार मान होता, पण आबा घड्याळाकडे बघत नसत. दुर्गच्या लाइनीवरून गाडी गेली की ते चाकांच्या आवाजावरून सांगायचे, मालगाडी आहे की पॅसेंजर, भरलेली की रिकामी. पुढेपुढे कान कमी झाले, तरी बाजेच्या लाकडावर हात ठेवून सांगायचे. दोरीवरचे कपडे संध्याकाळपर्यंत तांबूस व्हायचे. आईचं निम्मं आयुष्य त्या धुळीशी भांडण्यात गेलं. मात्र तिच्या हातचा गोळाभात, त्यावर कडकडीत फोडणी, आणि हिवाळ्यात सांबारवडी हे सगळं वऱ्हाड-नागपुरातून जसंच्या तसं आलेलं. आबांची आवड वेगळी होती. तीस-पस्तीस वर्षं छत्तीसगढी गँगमनांबरोबर काढलेल्या माणसाला सकाळी बासी लागायची. रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवायचा, सकाळी मीठ टाकून कच्च्या कांद्याबरोबर खायचा. कासंडीत हात घालून ते बासी खायचे आणि शेवटचं पाणी कासंडी तोंडाला लावून प्यायचे, आवाज करत. मला त्या आवाजाची शरम वाटायची. आज माझा डॉक्टर मला सकाळी हलकं काही खात जा म्हणतो, तेव्हा मीही बासी खाते. आवाज न करता खाते, पण तो आवाज आठवतोच.

खंडूंबद्दल आबांना फार थोडं माहीत होतं आणि हेच त्यांचं दुःख होतं. एक गोरा साहेब हातट्रॉलीवर बसून यायचा आणि चार माणसं ती ढकलत पळायची, त्या चौघांत खंडू असायचे. पुढे ते मेट, म्हणजे गँगचे मुकादम झाले, कुम्हारीजवळच्या गँगच्या चाळीत राहायला आले. मानमोडीच्या, म्हणजे फ्लूच्या साथीत आबांची आई गेली. त्या आठवड्यात चाळीतल्या सहा घरांतली माणसं गेली, असं आबा सांगायचे. त्यानंतर खंडू बोलायचे बंद झाले. गावाचं नाव, भावाचं नाव, काही नाही. आबा बारा वर्षांचे असताना तेही गेले आणि पोराला दया म्हणून गँगमध्ये पाणी भरायला ठेवून घेतलं. नंतर आबा स्वतः मेट झाले. कंपनीची रेल्वे सरकारची झाली, गोरे साहेब गेले, भिलाईच्या शेतांवर प्लांट उठला आणि त्या प्लांटकडे जाणारी लाइन टाकायला आबांचीच गँग आली होती. या सगळ्याला इतिहास म्हणतात, हे मला कॉलेजात कळलं. घरात तो बाजेवर बसून कांदा फोडत असायचा.

पण आबांकडे एक आठवण अशी होती की ती सांगताना ते मांडी बदलून नीट बसत. ते पाच-सहा वर्षांचे असताना, आई जिवंत असताना, चाळीत भाट आला होता. भाट म्हणजे घराण्याची वंशावळ सांभाळणारा. त्याच्या चोपडीत घराण्यातल्या सगळ्या पुरुषांची नावं मूळ पुरुषापासून लिहिलेली असतात. काही वर्षांनी तो येतो, नवी नावं चढवतो आणि सगळ्या घराला बसवून पहिल्यापासून वाचून दाखवतो. "तो एकेक नाव वाचे," आबा सांगायचे, "अन् दर नावाले माहा बाप म्हणे, हाव. घरातल्या मोठ्यानं हाव म्हटल्याबिगर भाट पुढचं नाव घेतच नाही. गावाचं नावबी वाचलं त्यानं. मी लहान होतो. मले फक्त ते हाव ध्यानात राहिलं." हाव म्हणजे आमच्याकडचं हो. मग आबा म्हणायचे, "भाट येईन एक दिवस. आपलं गाव तरी समजंन. गावदेवीच्या, मातामायच्या ओट्यावर डोकं टेकवून येईन, मंग जाईन." मी म्हणायची, "आबा, तुम्ही सेक्टरात राहता. इथं भाट कसा येईल? इथं स्ट्रीट नंबर, क्वार्टर नंबर लागतो." ते म्हणायचे, "आपलं नाव इचारत येईन."

अकरावीत मला रश्मी नावाची मैत्रीण मिळाली. मिळाली म्हणजे मी मिळवली. तिचे वडील प्लांटमध्ये मोठे ऑफिसर, घर बंगल्यांच्या रांगेत, तिथं फुलांचे ताटवे आणि जेवणाच्या टेबलावर काचेचे ग्लास. तिच्याबरोबर असताना मी फक्त हिंदी बोलायची. हिंदी माझी इतकी सफाईची झाली होती की एकदा तिच्या आईनं मला विचारलं, आप लोग यूपी के हैं? मी नुसती हसले. ते हसणं मला फार दिवस पुरलं. मराठी आमच्या क्वार्टरच्या उंबऱ्याच्या आतली भाषा होती. उंबरा ओलांडला की ती चपलेसारखी काढून ठेवायची असा माझा नियम होता, फक्त उलट्या बाजूनं, म्हणजे आत. पुढे मी त्याच हिंदीच्या जोरावर दुर्गच्या शाळेत तीस वर्षं हिंदी शिकवली, पोरांना शुद्धलेखनासाठी छड्या मारल्या. तेव्हा त्या भाषेला मी दोष देत नाही. दोष भाषेचा नव्हता.

जानेवारीतली दुपार होती. प्रॅक्टिकलच्या वहीसाठी रश्मी पहिल्यांदा आमच्या घरी येणार होती. मी सकाळपासून घर घासलं, आबांची कासंडी फडताळामागे लपवली, आईला सिविक सेंटरला लोकर आणायला पिटाळलं. बाबा ऑफिसात. आबा मागच्या अंगणात उन्हात बाजेवर झोपलेले, अंगावर घोंगडी. त्यांना मी हलवू शकले नाही, म्हणून मधलं दार लावून घेतलं. रश्मी आली, खुर्चीवर बसली, बिस्कीट खाल्लं, सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं. आणि पुढचं दार वाजलं.

दारात एक म्हातारा उभा. तांबडं पागोटं, धुळीनं भरलेले जोडे, खांद्यावर लाल कापडात गुंडाळलेली लांबच लांब चोपडी. त्यानं आधी पाटी बघितली, मग मला. "माय," तो म्हणाला, "खंडू मेटच्या पोराचं घर हेच होय काय? सीताराम मेट? पाटी नागपुऱ्याची हाय, पन मूळचे ठवकर. मी तुमच्या घराण्याचा भाट. दुर्गच्या टेसनापासून इचारत इचारत येऊन राहिलो."

मला सगळं कळलं. पहिल्या वाक्यातच कळलं. मी गोंधळले किंवा घाबरले, असं काही नाही. पण आतून रश्मीनं विचारलं, "कौन है?" आणि मला दिसलं की हा माणूस आता आत येणार, जमिनीवर फतकल मारून बसणार, आबा उठणार, त्या खणखणीत गावठी मराठीत नावं वाचली जाणार आणि दर नावाला आबा हाव म्हणणार, रश्मीच्या देखत. मी दार अर्धं पुढे ओढलं आणि म्हटलं, "यहाँ कोई ठवकर नहीं रहता। गलत घर है।"

तो लगेच हलला नाही. त्यानं दारापुढची रांगोळी बघितली. व्हरांड्यातल्या तारेवर आबांचं धोतर आणि पांढरी टोपी वाळत होती, तिकडे बघितलं. मग चौकटीला हात लावून तो हात कपाळाला नेला. "बरं, माय," म्हणाला, "चुकलं असंन." आणि गेला. फाटकाची कडी त्यानं पुन्हा नीट लावली, तो आवाज मी ऐकला. रश्मीला मी सांगितलं, "कोई माँगने वाला था।" मधल्या दारापलीकडे आबा झोपलेले होते. मी नंतर पावलं मोजली आहेत. पुढच्या दारापासून बाजेपर्यंत एकोणीस पावलं.

मनात म्हटलं, तो संध्याकाळी पुन्हा येईल, बाबा बघतील. तो आला नाही. रविवारी आबा खुर्सीपारला गेले, त्यांच्या गँगमधला जुना सोबती दुखू तिथं लेकाकडे राहायचा. तिथून ते जवळजवळ धावतच परत आले. धापा टाकत दारातच उभे. दुखूनं त्यांना विचारलं होतं, "तोर घर भाट नइ आइस का, मेट?" त्यानंच त्या भाटाला पत्ता सांगितला होता. आबांनी आईला विचारलं, तिला काय माहीत. मग माझ्याकडे वळले. "बाई, तू घरी होती न बुधवारी दुपारी? कोणी आलतं काय?"

"नाही, आबा," मी म्हटलं. पहिलं खोटं मी हिंदीत बोलले होते, हे मराठीत.

तेव्हाच सांगितलं असतं, तर बाबा सायकल काढून दुर्गला गेले असते. भाट एखाद्या गावी उतरला की आठ-दहा दिवस धर्मशाळेत असतोच. कोणी मला मारलं नसतं. आमच्या घरी मारायची पद्धत नव्हती. मला आबांच्या चेहऱ्याची भीती वाटली, एवढंच कारण आहे, आणि ते पुरेसं नाही हे मलाही कळतं. आबांनी आईकडून टोपलंभर तांदूळ निवडून घेतला, बाबांकडून भाटासाठी नवं धोतर आणवलं आणि रोज जेवण झाल्यावर धुतलेला सदरा घालून व्हरांड्यात बसायला लागले. कान गेलेले, म्हणून फाटकाकडे तोंड करून. घोंगड्या विकणारा गेला, कल्हईवाला गेला, खांद्यावर गाठोडं असलेला कोणीही दिसला की ते उभे राहायचे. मी शाळेतून यायची तर मला विचारायचे, "रस्त्यानं कोणी दिसलं काय?" होळी झाली, उन्हं तापली, तेव्हा आई म्हणाली, "मामंजी, आता आत बसा." ते आत आले. तांदूळ आम्ही खाल्ला. धोतर आईनं ट्रंकेत ठेवून दिलं. रश्मी पुढच्या वर्षी दिल्लीला गेली आणि मी लिहिलेल्या दोन पत्रांना तिनं उत्तर दिलं नाही.

आबा दिवाळीनंतर गेले. फार आजार नाही, चार दिवस ताप. बाराव्या दिवशी गुरुजी बाबांना म्हणाले, "वडिलांचं नाव?" बाबा म्हणाले, सीताराम. "त्यांच्या वडिलांचं?" खंडू. "त्यांच्या?" बाबा पाण्याचा हात तसाच धरून बसले. गुरुजी समजूतदार होते. म्हणाले, "माहीत नसलं तर नुसतं सीतारामांचे आजोबा म्हणा, पोचतं." बाबांनी म्हटलं. त्यांच्याही वडिलांचं नाव ठाऊक नव्हतं, तेव्हा पुन्हा एकदा, सीतारामांचे पणजोबा म्हटलं. मी दाराशी उभी होते, हातात दर्भाची जुडी.

बाबांना मी त्यांच्या शेवटच्या आजारात सांगितलं. तोवर माझं लग्न होऊन, दुर्गला नोकरी लागून किती वर्षं झाली होती. मी पलंगाच्या कडेला बसून सगळं सांगितलं, रश्मीच्या बिस्किटापासून. ते छताकडे बघत ऐकत होते. मग म्हणाले, "आबाले समजलं होतं काय?" मी म्हटलं, नाही. "बरं झालं," ते म्हणाले, आणि कूस बदलून, "मंग आता तूच शोध ते गाव." आई आधीच गेलेली, त्यांच्यामागे मी एकटीच. भाऊ नाही, बहीण नाही.

शोधायला मला दोन वर्षं लागली. शाळेच्या सुट्ट्यांत मी लाइनीवरच्या जुन्या लोकांकडे जायची, डोंगरगढ, गोंदिया. रेल्वेची तितकी जुनी हजेरी आता कोणाकडे नाही, असं सगळीकडे सांगत. खंडू नागपुरे सापडले असते तरी काय, तो माणूस त्या बाबूनं घडवलेला होता. शेवटी तुमसरकडे एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं सहज सांगितलं की ठवकरांचे भाट अमुक गावी राहतात, म्हातारा वारला, लेक शेती करतो. मी ट्रंकेतलं धोतर काढलं. घडीवर पिवळं पडलं होतं. ते पिशवीत घातलं आणि बसनं गेले.

भाटाचा लेक माझ्याच वयाचा. ओसरीत सतरंजी टाकली, बायकोनं चहा दिला. मी एवढंच सांगितलं की मी ठवकरांची, खंडू रेल्वेत गेले त्यांच्या वंशातली. तो आतून लाल कापडातली चोपडी घेऊन आला. ते कापड मी ओळखलं. पानं उलटत तो एका जागी थांबला आणि माझ्याकडे बघायला लागला. "हे पान तर मिटलं हाय," म्हणाला.

त्यानं चोपडी माझ्याकडे फिरवली. खंडू, रेल्वेत. त्याखाली सीताराम. आणि सीतारामच्या खाली, वेगळ्या शाईत, एक शब्द होता. निर्वंश.

"बापू भिलाईले गेलता," तो सांगायला लागला. "घर सापडलं होतं म्हणे. दारात रांगोळी होती, तारेवर टोपी वाळत होती. पन पोरगी हिंदीत बोलली, इथं ठवकर कोणी राहत नाही म्हणे. बापूले लय लागलं ते. ज्या घराले आपलं नाव नको, त्याचं पान मिटवाचं, अशी आमची रीत हाय. दुर्गच्या धर्मशाळेत बसून लिहिलं त्यानं हे." मग तो म्हणाला, "कोन होती ती पोरगी, तुमाले ठावं हाय काय?"

"मीच," मी म्हटलं. "मीच होती."

त्यानं चोपडी पुन्हा आपल्याकडे फिरवून घेतली. बायको आतून दाराशी येऊन उभी राहिली होती. मी पिशवीतलं धोतर काढून सतरंजीवर ठेवलं. सांगितलं की हे तुमच्या बापूसाठी आणलेलं, माझ्या आजोबांनी, त्यांची वाट बघताना. त्यानं ते उचललं, कपाळाला लावलं, बाजूला ठेवलं. मग दौत घेतली, बाबांचं नाव विचारलं. तो शब्द खोडा, असं मी म्हटलं. त्यानं मान हलवली. "बापूच्या हातचं मी खोडत नाही, ताई. त्याच्याखाली लिहितो." आणि त्या शब्दाखाली त्यानं वासुदेव लिहिलं. पुढे माझं नाव चढत नाही, ती रीत मला माहीत होती, आणि ते मागायचं तोंडही मला नव्हतं.

"आता वाचतो," तो म्हणाला. "घरात मोठं कोन हाय?"

मी म्हटलं, मीच आहे. डोक्यावर पदर घेतला. त्यानं गावाचं नाव वाचलं, पिंपळबोडी. आबांना हवं होतं ते एवढंच, पाच अक्षरं. मी म्हटलं, हाव. त्यानं मूळ पुरुषाचं नाव वाचलं. हाव. त्याचा लेक, त्याचा लेक. बाराव्या दिवशी बाबांना जी नावं आली नव्हती, ती दोन्ही आली, महादू आणि झिंगर. हाव. हाव. खंडू. हाव. सीताराम, तो म्हणाला. मी मांडी बदलून नीट बसले आणि म्हटलं, हाव. त्यानंतरचा शब्द त्यानं तितक्याच सरळ आवाजात वाचला, न चुकवता, जसा लिहिला होता तसा. आणि पुढचं नाव न घेता माझ्याकडे बघत बसला. बाबांचं नाव त्याच्याखाली होतं. मोठ्यानं हाव म्हटल्याबिगर भाट पुढे जात नाही.

"हाव," मी म्हटलं.